गोमंतकांतील इगर्जीच्या पाठशाळा व बालकांची ‘दौत्रिन’

गोमंतकाच्या इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे राजाज्ञा, तहनामे, गांवकऱ्यांचे ठराव आणि पुराणांच्या पोथ्या ह्यांकडे संग्राहकांची दृष्टि प्रथम जाते. इगर्जीच्या पाठशाळेंत नुकत्याच दाखल झालेल्या मुलाच्या हातीं जें चिमुकलें पुस्तक देत, त्याकडे सहसा कोणी वळत नाहीं. परंतु तेथील माणूस घरांत कोणती बोली बोलत होता, ती रोमन अक्षरांत कशी लिहिली जाऊं लागली आणि पुढें ती शिक्षणांतून कां मागें पडली, ह्या तिन्ही प्रश्नांवर त्या पुस्तकाइतका स्वच्छ प्रकाश दुसरें साधन क्वचितच टाकील, असें आमचें मत आहे. तें सप्रमाण मांडणें एवढाच ह्या लेखाचा हेतु.

पोर्तुगीजांच्या हिंदुस्थानांतील पाठशाळांचा उल्लेख बराच जुना आहे. आफोंसो द आल्बुकर्क ह्यानें १५१२ च्या एप्रिलांत आपल्या राजास धाडलेल्या पत्रांत, कोचीन येथें मुळाक्षरांच्या पुस्तकांची एक पेटी आढळल्याचें व तीं पुस्तकें उपयोगांत आणून मुलांस शिकविण्यासाठीं एक माणूस नेमल्याचें कळविलें आहे. ह्या पुस्तकांस पोर्तुगीज भाषेंत ‘कार्तिल्हा’ म्हणत. अक्षरओळख आणि धर्मपाठ हीं दोन्ही एकाच पुस्तकांतून द्यावयाचीं, ही युरोपांतील कॅथलिक पाठशाळांची रीति त्या पुस्तकांबरोबरच आपल्याकडे आली.

पुढें १५४२ च्या मे महिन्यांत फ्रान्सिस झेव्हियर गोव्यास उतरला. तो हातांत घंटा घेऊन रस्त्यांनीं फिरे, मुलांस व गुलामांस गोळा करी आणि त्यांजकडून धर्मवाक्यें मोठ्यानें म्हणवून घेई. दक्षिणेकडील मासेमारी किनाऱ्यावरून लिहिलेल्या पत्रांत त्यानें असेंही म्हटलें आहे कीं, येथें शिकलेलें मुलांनीं घरीं जाऊन आईबापांस व शेजाऱ्यांस शिकवावें. ह्या पद्धतीचें मर्म पाठांतरांत आहे. अक्षर ओळखण्यापूर्वीं मजकूर मुखोद्गत झालेला असे. मग तोच मजकूर कागदावर पाहून मूल अक्षरें जुळवी. आपल्याकडील पंतोजींच्या शाळेंतही घोकंपट्टीचेंच राज्य होतें, म्हणून ही रीति येथील मुलांस अगदींच परकी वाटली नसावी. गोव्यास मुद्रणयंत्र १५५६ मध्यें आलें व १५५७ मध्यें झेव्हियरची ‘दौत्रिन’ तेथें छापली गेली. तिची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं.

गांवोगांवीं इगर्जीस लागून ज्या पाठशाळा चालत, त्यांत पोर्तुगीजांत ‘मेस्त्रे’ म्हणविणारा शिक्षक वाचन, लेखन, धर्मपाठ व गायन शिकवी. उपासनेच्या वेळीं गाणारीं मुलें हवीं असत, म्हणून स्वरलिपीची ओळख लहानपणींच करून देत. विसाव्या शतकांत मुंबईच्या चित्रपटांतील वाद्यवृंदांस जे गोमंतकी वादक लाभले, त्यांपैकीं पुष्कळांचा श्रीगणेशा ह्याच पाठशाळांत झाला होता.

आतां मुख्य ग्रंथाकडे वळूं. इंग्लंडांत जन्मलेला जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्यें गोव्यास आला आणि त्यानें आपलें बहुतेक आयुष्य सासष्टींत घालवून १६१९ मध्यें देह ठेविला. मराठी वाचकांस तो ‘क्रिस्तपुराणा’चा कर्ता म्हणून परिचित आहे. ह्याच ग्रंथकारानें रचलेली ‘दौत्रिन’ त्याच्या मृत्यूनंतर १६२२ मध्यें राचोल, म्हणजे रायतूर, येथें छापून निघाली. तिच्या मुखपृष्ठावरच ती ‘ब्राह्मणी कानारीं’ भाषेंत, म्हणजे आपण जीस कोंकणी म्हणतों त्या बोलींत, संवादरूपानें, मुलांस शिकविण्यासाठीं रचल्याचें सांगितलें आहे. मूळ पुस्तक मार्कोस जॉर्ज ह्या पोर्तुगीज जेझुइटाचें. गुरूनें विचारावें, शिष्यानें उत्तर द्यावें, असा त्याचा घाट आहे. आणि क्रुसाची खूण, प्रभूची प्रार्थना, मरियेची प्रार्थना, श्रद्धेचीं वाक्यें व दहा आज्ञा असा त्याचा विषय आहे.

एकाच लेखकानें प्रौढांसाठीं सुमारें अकरा हजार ओव्यांचें पुराण मराठींत रचावें आणि बालकांसाठीं मात्र कोंकणी निवडावी, ही गोष्ट सहज घडलेली नव्हे. पुराणाच्या आरंभींच्या प्रसंगांत एक नवख्रिस्ती ब्राह्मण अशी विनंति करितो कीं, दौत्रिन आम्हांस मिळाली, परंतु पूर्वींच्या पुराणांच्या जागीं वाचावयास कांहीं तरी हवें. येथें दोन पायऱ्या स्पष्ट दिसतात. घरच्या बोलींतील प्रश्नोत्तरें ही पहिली. ग्रंथभाषेंतील ओवी ही दुसरी. मुलानें पहिली चढल्यावांचून दुसरी गांठावयाची नाहीं, हें त्या पाद्र्यास पुरतें कळलें होतें.

लिपीचा प्रश्न मात्र खिळ्यांनीं सोडविला. देवनागरी खिळे पाडावे अशी स्टीफन्सची फार इच्छा होती. १६०८ च्या पत्रांत त्यानें लिहिलें आहे कीं, येथील जोडाक्षरांची संख्या सहाशेंवर जाते, पण युक्तीनें दोनशें सांच्यांत काम भागेल. ती इच्छा सफल झाली नाहीं व पुस्तकें रोमन अक्षरांत निघालीं. त्यामुळें आपल्या वर्णांसाठीं नवी तोड काढावी लागली. ट, ड, ण, ळ ह्या मूर्धन्य वर्णांसाठीं ‘टी’, ‘डी’, ‘एन्’, ‘एल्’ हीं अक्षरें दुहेरी लिहीत; ‘श’साठीं ‘एक्स’ योजीत; शब्दाच्या अंतींचा अनुस्वार ‘एम्’नें दाखवीत. दुहेरी अक्षर चुकून एकेरी पडलें तर ‘काळ’ आणि ‘काल’ ह्यांत भेद उरत नाहीं. म्हणून पोर्तुगालांत ब्रागा येथें जपून ठेविलेल्या रोमन लिपींतील रामायण-महाभारताच्या कथा असोत, कीं एखाद्या घरांतील प्रार्थनांची वही असो, तीं वाचूं इच्छिणारानें ही तोड आधीं ध्यानांत घेतली पाहिजे.

ही पहिली पायरी फार काळ टिकूं दिली नाहीं. २७ जून १६८४ रोजीं व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर ह्यानें, तीन वर्षांच्या आंत लोकांनीं देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी, अशी आज्ञा काढली आणि पाद्री व शिक्षक ह्यांनींही पोर्तुगीजांतूनच शिकवावें असें फर्माविलें. बोली अर्थातच मेली नाहीं; घरांत व बाजारांत ती चालूच राहिली. परंतु पाठशाळेंतून तिला जो आधार होता तो खचला. पुढें १७५९ मध्यें जेझुइटांस व १८३५ मध्यें इतर संन्यासी संघांस गोव्यांतून काढण्यांत आलें. १८५७ मध्यें कुन्हा रिव्हारा ह्यानें स्टीफन्सचें कोंकणी व्याकरण पुन्हा छापविलें आणि कोंकणीच्या इतिहासावरील आपल्या निबंधांत मातृभाषेच्या उपेक्षेनें शिक्षणाची हानि झाली असें आग्रहानें प्रतिपादिलें. स्टीफन्सनें बालकांची दौत्रिन त्यांच्याच बोलींत रचली होती. सव्वादोनशें वर्षांनंतर तीच गोष्ट नव्यानें पटवून द्यावी लागली.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. क्रिस्तपुराणाच्या १६१६, १६४९ व १६५४ ह्या तीन छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाहीं. तो ग्रंथ हस्तलिखितांनींच तारला. १६२२ ची दौत्रिन लिस्बन व रोम येथील प्रतींमुळें वांचली, आणि १९४५ मध्यें मारियानो साल्दान्य ह्यांनीं तिची यथामूल प्रतिकृति लिस्बन येथें प्रसिद्ध केली. मुलांचें पुस्तक मुलांच्याच हातीं झिजतें. पोथी सोंवळ्यांत राहते, बखर दफ्तरांत राहते. पहिलें पुस्तक मात्र अक्षर आलें कीं आपलें काम संपवून नाहीसें होतें. म्हणून जुन्या घरीं किंवा इगर्जीच्या कपाटांत प्रार्थनांची सुटीं पानें, बाळबोध हातानें लिहिलेली रोमन अक्षरांची वही अथवा पाने गळालेली दौत्रिन दृष्टीस पडली, तर ती क्षुल्लक समजून टाकूं नये. तींत दुहेरी अक्षरें आहेत कीं नाहींत हें प्रथम पाहावें, पानांचा क्रम जसा असेल तसाच ठेवावा, समासांतील मुलांच्या रेघोट्याही पुसूं नयेत. त्या रेघोट्यांपासूनच ह्या भाषेचें वाचन सुरू झालें आहे.