कीचक कोण, हे ठरवतं कोण?

बोरी अरबच्या एखाद्या मंडळाने आज तीन अंकी नाटक बसवायचं म्हटलं, तर कायद्याने त्याची संहिता आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे जायला हवी. (गणपतीत कोण विचारतो म्हणा!) या तपासणीमागचं गृहीत असं की, नाटकातला धोका कागदावर दिसतो. मराठी रंगभूमीचा अनुभव मात्र वेगळा आहे.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं ‘कीचकवध’ 1907 साली महाराष्ट्र नाटक मंडळीने रंगभूमीवर आणलं. कथा विराटपर्वातली, घरोघरी माहीत असलेली. सैरंध्रीवर हात टाकू पाहणारा सेनापती कीचक, त्याच्यापुढे गप्प बसणारा राजा विराट, सबुरीचा सल्ला देणारा कंकभट म्हणजे युधिष्ठिर, आणि धीर सुटलेला बल्लव म्हणजे भीम. महाभारतात कीचक मरतो तो नर्तनशाळेत. खाडिलकरांनी त्याला भैरवाच्या देवळात गाठलं. खाडिलकर टिळकांच्या ‘केसरी’तले. बंगालची फाळणी करून गेलेला कर्झन लोकांच्या डोक्यातून गेला नव्हता, त्यामुळे कीचकाचा माज पाहताना प्रेक्षकांना दुसरं काही सांगावं लागलं नाही. कंकभट म्हणजे मवाळ आणि बल्लव म्हणजे जहाल, हेही उघडच होतं. त्याच वर्षी डिसेंबरात सुरतेला काँग्रेस याच वादावर फुटली.

तरीही नाटक जवळजवळ तीन वर्षं चाललं. मग 21 डिसेंबर 1909 रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. तिथे प्रयोग चालू होता तो देवलांच्या ‘शारदे’चा, बंदी मात्र 1910 साली ‘कीचकवधा’वर आली. त्यासाठी 1876चा नाट्यप्रयोग कायदा हाताशी होताच. बंदीच्याच वर्षी ब्रिटिश पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोलने आपल्या पुस्तकात नाटकातलं एकेक पात्र कोणाचं सोंग आहे ते इंग्रज वाचकांना उलगडून दाखवलं. माझ्या मते त्याने नाटक बरोबर वाचलं होतं. खाडिलकरांना इतका लक्षपूर्वक वाचणारा समीक्षक मराठीतही क्वचितच मिळाला असेल.

चीनमध्ये अशा समीक्षेने माणसाचा जीव घेतला. इतिहासकार वू हान हे पेकिंगचे उपमहापौर. मिंग काळातल्या हाय रुई या सरळमार्गी अधिकाऱ्यावरचं त्यांचं नाटक 1961 साली रंगभूमीवर आलं. बड्यांनी बळकावलेल्या जमिनी शेतकऱ्यांना परत करायला लावणारा हाय रुई शेवटी पद गमावतो. सम्राटाला तोंडावर सुनावणाऱ्या या हाय रुईचं कौतुक 1959 साली खुद्द माओने केलं होतं. पण त्याच वर्षी माओच्या धोरणांवर टीका केली म्हणून संरक्षणमंत्री फंग दहुआई यांना दूर केलं गेलं. 10 नोव्हेंबर 1965 रोजी शांघायच्या एका दैनिकात टीकाकार याओ वन्युआनचा लेख आला आणि नाटकातली जमीनवापसी पक्षविरोधी ठरली. पुढे माओने तर हाय रुई म्हणजेच फंग, असं सांगून टाकलं. सांस्कृतिक क्रांतीची पहिली ठिणगी पडली ती या लेखाने. वू हान 1969 साली कोठडीत वारले. त्यांची निर्दोषता सरकारने मान्य केल्यावर 1979 साली तेच नाटक पुन्हा उभं राहिलं.

वू हान यांच्या मनात खरोखर फंग होते का, यावर अजून वाद घालता येतो. खाडिलकरांच्या मनात कर्झन होता, यात मला तरी शंका नाही. बंदीनंतर ते थांबले नाहीत. 1911 साली त्यांचं ‘संगीत मानापमान’ आलं आणि गाण्यांनी महाराष्ट्र वेडा झाला. राजद्रोहाची शिक्षा त्यांना झाली ती 1929 साली, आणि तीही नाटकासाठी नव्हे, ‘नवाकाळ’मधल्या लेखांसाठी.