वसतिगृहातली साथ : गैरसमज आणि वस्तुस्थिती

एका खोलीत तीन-चार खाटा, मजल्यावर मोजकी न्हाणीघरे, सगळ्यांची एकच मेस आणि पाण्याचा एकच कूलर. विद्यापीठाच्या आवारात आजार पसरायला एवढे पुरते. तरीही साथ आली की उपाय ठरतात ते बहुधा ऐकीव माहितीवर. प्रत्येक आजाराची पसरण्याची वाट वेगळी आणि वेळही वेगळी. तीच चुकली, तर सगळी धावपळ वाया जाते.

गैरसमज १ : कांजिण्या आणि गालगुंड लहान मुलांचे आजार. कॉलेजात कोणाला होणार?

वस्तुस्थिती : लहानपणी आजार झाला नसेल आणि लसही घेतली नसेल, तर ते विशीतही गाठतात आणि जास्त छळतात. कांजिण्यांत प्रौढांना न्यूमोनियाचा धोका मुलांपेक्षा अधिक असतो. गालगुंडात तरुणांच्या अंडकोषाला सूज येऊ शकते. राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात गोवर-रुबेलाची लस मिळते, पण या दोन आजारांच्या लसी त्यात नाहीत. त्यामुळे ‘सगळ्या लसी झाल्यात’ असे घरचे सांगत असले, तरी लसीकरणाचे कार्ड एकदा काढून पाहावे.

गैरसमज २ : अंगावर फोड दिसताच घरी धाडले की बाकीचे सुटले.

वस्तुस्थिती : फोड उठण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच कांजिण्यांचा संसर्ग सुरू झालेला असतो. रूम पार्टनरला लागण व्हायची ती बहुधा झालेली असते. लक्षणे दिसायला मात्र १० ते २१ दिवस लागतात. अशा मुलाला एसटीत बसवून गावी पाठवले, तर बसमधले प्रवासी आणि घरात कोणी गरोदर बाई असेल तर तीही धोक्यात येते. सगळ्या फोडांवर खपल्या धरेपर्यंत आवारातच वेगळी खोली, जमल्यास वेगळे न्हाणीघर आणि जेवणाचा डबा दारापाशी, ही व्यवस्था अधिक सुरक्षित.

गैरसमज ३ : सॅनिटायझर लावला की हात स्वच्छ.

वस्तुस्थिती : अल्कोहोलचा सॅनिटायझर फ्लू आणि करोनाच्या विषाणूंवर चालतो. उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरसवर आणि काविळीच्या हिपॅटायटिस ए विषाणूवर मात्र त्याचा भरवसा धरता येत नाही. तिथे साबण आणि वाहते पाणी हवे. हिपॅटायटिस ए झालेल्याच्या विष्ठेतून, डोळे पिवळे होण्याच्या सुमारे दोन आठवडे आधीपासून, विषाणू बाहेर पडत असतो. म्हणजे मेसमध्ये वाढणारा माणूस धडधाकट दिसत असतानाही त्याच्या हातून संसर्ग जाऊ शकतो. कावीळ ‘उतरवून’ बरे वाटते, कारण हा आजार बहुतेकांचा आपोआपच बरा होतो. टाकी धुणे, पाण्यात क्लोरीन टाकणे आणि संडासाबाहेर साबण ठेवणे हे काम मात्र आपोआप होत नाही.

गैरसमज ४ : डेंग्यूच्या रुग्णापासून लांब राहावे आणि आवारात धुरळणी करून घ्यावी.

वस्तुस्थिती : डेंग्यू शेजारी बसल्याने होत नाही, तो एडिस डास चावल्याने होतो. ताप आलेल्याला चावलेला डास पुढे इतरांना बाधित करतो, म्हणून रुग्णाला मच्छरदाणीत ठेवावे, आणि तेही दिवसा, कारण हा डास प्रामुख्याने दिवसा चावतो. धुराने फक्त उडते डास मरतात. कूलर, पिंपे, कुंड्यांखालच्या ताटल्या, गच्चीवरचे भंगार यांत साचलेल्या पाण्यातल्या अळ्या तशाच राहतात आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस पुरतात. सुकलेली अंडीही महिनोन्‌महिने टिकतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळावा आणि भांडी नुसती रिकामी न करता आतून घासावीत.

गैरसमज ५ : टीबी झालेल्याचे ताट-वाटी वेगळे ठेवले की झाले.

वस्तुस्थिती : टीबी भांड्यांतून पसरत नाही. फुप्फुसाचा टीबी झालेल्याच्या खोकल्यातून जंतू हवेत जातात आणि बंद खोलीत बराच वेळ तरंगत राहतात. उघडी खिडकी ताटापेक्षा महत्त्वाची. दोन आठवड्यांहून अधिक टिकलेला खोकला तपासून घ्यावा. योग्य औषधे सुरू झाली की संसर्गाची शक्यता साधारणतः काही आठवड्यांतच खूप घटते, पण औषधांचा कोर्स पुरा करावाच लागतो. सरकारी केंद्रात तपासणी आणि औषधे मोफत आहेत.

गैरसमज ६ : बातमी फुटली तर घबराट होईल, तेव्हा गप्प राहावे.

वस्तुस्थिती : अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात २०१३ मध्ये मेनिंगोकॉकल बी या घातक मेंदूज्वराचे आठ रुग्ण निघाले. विद्यापीठाने ते उघड सांगितले. एकमेकांचे उष्टे पिऊ नये म्हणून विद्यार्थ्यांना स्वतंत्र पेले वाटले आणि अमेरिकेत तेव्हा परवाना नसलेली लस खास परवानगीने आणून पाच हजारांहून अधिक जणांना दिली. विद्यापीठ बंद करावे लागले नाही.

आपल्याकडे विद्यार्थी आजार लपवतो तो खोली सुटेल, हजेरी भरणार नाही, परीक्षा बुडेल या भीतीने. आजारपणाची रजा हजेरीत धरली जाईल आणि बुडालेली परीक्षा पुन्हा देता येईल, हे रेक्टरने आधीच लेखी कळवले, तर तो पहिल्याच दिवशी सांगेल. त्या एका दिवसालाही मोल आहे. कांजिण्या न झालेल्या रूम पार्टनरला संपर्कानंतर तीन ते पाच दिवसांत लस मिळाली, तर त्याचा आजार टळू शकतो किंवा सौम्य होऊ शकतो. मुदत उलटल्यावर कळले, तर ती संधी हातची जाते.