टीएमटी ‘पॉझिटिव्ह’, पण त्रास काहीच नाही!

“डॉक्टरसाहेब, मले तर काहीच होत नाही. रोज सायकल चालवतो. मग रिपोर्ट असा कसा?” शिबिरातली किंवा कंपनीच्या वार्षिक तपासणीतली टीएमटीची फाइल घेऊन असे कुणी ना कुणी ओपीडीत येतेच. सोबतचा मुलगा विचारतो, “आजच नागपूरला नेऊ का? वावर विकू.”

थांबा. आधी रिपोर्ट नीट वाचू.

टीएमटी म्हणजे चालत्या पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी. दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ वाढतो. लक्षणे नसलेल्या, धोका कमी असलेल्या माणसात ‘पॉझिटिव्ह’ निकाल बरेचदा फसवा निघतो. स्त्रिया, उच्च रक्तदाबाने हृदयाची भिंत जाड झालेले आणि रक्तक्षयाचे रुग्ण यांच्यात हे जास्त घडते. चंद्रपूर-गडचिरोलीत सिकलसेल आणि रक्तक्षय नवे नाहीत. म्हणून आधी हिमोग्लोबिन पाहावे. रुग्ण किती मिनिटे चालला, रक्तदाब घसरला का, ईसीजी पहिल्याच टप्प्यात बदलला का, हे ‘पॉझिटिव्ह’ या शब्दापेक्षा महत्त्वाचे.

आणि खरेच अडथळा असला तर? ३७ देशांतील ५,१७९ रुग्णांवरील ‘इस्केमिया’ अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात भारतीय रुग्णही होते. स्ट्रेस टेस्टमध्ये मध्यम ते तीव्र दोष असूनही, लगेच अँजिओग्राफी करून स्टेंट किंवा बायपास केलेल्यांत आणि आधी औषधांवर ठेवलेल्यांत मृत्यू व हार्ट अटॅकच्या प्रमाणात सुमारे तीन वर्षांत ठळक फरक दिसला नाही. छातीत दुखणाऱ्यांना मात्र आराम मिळाला. कारण सोपे आहे: स्टेंट एक जागा उघडतो, औषधे सगळ्या रक्तवाहिन्या सांभाळतात.

डाव्या मुख्य रक्तवाहिनीत मोठा अडथळा असलेले आणि हृदयाचे पंपिंग फार घटलेले रुग्ण या अभ्यासात नव्हते. म्हणून इको करावा. निकाल गंभीर वाटल्यास सीटी अँजिओग्राफी करून घ्यावी. चालताना रक्तदाब घसरला असेल तर हृदयरोगतज्ज्ञांना लवकर दाखवावे.

बाकीच्यांनी वावर विकू नये. खर्रा आणि बिडी आजच सोडा. रक्तदाब, साखर ताब्यात ठेवा. डॉक्टरांनी दिलेली कोलेस्टेरॉलची गोळी बरे वाटते म्हणून बंद करू नका. मात्र छातीत दडपण, दम किंवा घाम आला, तर गॅस समजून घरी बसू नका; १०८ ला फोन करा.