नऊ घरांचे कोडे, हातातल्या यंत्रासाठी

दिवाळीच्या सुट्टीनंतर मुकुंदवाडीच्या अभ्यासिकेत भेटीला आलेल्या एका हितचिंतकांनी संगणकाभोवती जमलेली मुले पाहिली आणि सरळच विचारले, "आम्ही जुने लॅपटॉप दिले ते मुलांनी खेळ खेळावेत म्हणून का?" प्रश्न रास्त होता. पैसा आणि वस्तू ज्यांनी दिली त्यांना तो विचारण्याचा हक्कही आहे. त्या वेळी बारावीतला एक मुलगा स्वतः एक खेळ तयार करत होता आणि बाकीचे चौघे-पाचजण त्याच्या चुका काढत होते. एवढे सांगून भागणार नाही, म्हणून ते काम नेमके काय असते हे इथे सविस्तर मांडत आहे. संगणकाचे शिक्षण न झालेल्या वाचकालाही ते कळावे. मध्ये एका ठिकाणी कागद-पेन्सिल मात्र लागेल.

खेळ आपल्या ओळखीचा आहे. जत्रेत सरकत्या आकड्यांचे प्लास्टिकचे खेळणे मिळते, त्याचा हा लहान भाऊ. तीन ओळी, तीन रकाने, अशी नऊ घरे. त्यात १ ते ८ आकड्यांच्या सोंगट्या आणि एक घर रिकामे. रिकाम्या घराशेजारची सोंगटी तेवढी त्यात सरकवता येते. विस्कटलेले आकडे ओळीने लावले की खेळ संपला.

यंत्र म्हणून त्या मुलाने निवडला गेम बॉय. निन्टेंडो या जपानी कंपनीने एप्रिल १९८९ मध्ये बाजारात आणलेले, चार पेन्सिल सेलवर चालणारे, हातात धरून खेळायचे यंत्र. ते आणि त्याची पुढची रंगीत आवृत्ती मिळून अकरा कोटींहून अधिक विकली गेली. त्याच्यासोबत जगभर गेलेला टेट्रिस हा खेळ अलेक्सी पाजित्नोव यांनी मॉस्कोत १९८४ मध्ये तयार केला होता. आपल्याकडे बाजारात मिळणारा 'विटांचा खेळ' म्हणजे त्याचीच नक्कल. गेम बॉय आपल्याजवळ नाही आणि विकत घेण्याची गरजही नाही. संगणकावर त्याची हुबेहूब नक्कल करणारे इम्युलेटर नावाचे प्रोग्राम फुकट मिळतात. सी भाषेत लिहिलेला प्रोग्राम त्या यंत्राला समजेल अशा रूपात आणणारे जीबीडीके हे साधनही फुकट आहे. दोन्ही जुन्या लॅपटॉपवर विनातक्रार चालतात.

मग आजचा मोबाइल सोडून पस्तीस वर्षांपूर्वीचे यंत्र कशाला? नवशिक्याला ते पूर्ण समजू शकते, हे माझ्या मते सर्वांत मोठे कारण. त्याचा पडदा १६० गुणिले १४४ ठिपक्यांचा आणि छटा फक्त चार. कामाची स्मृती ८ किलोबाइट, आणि सर्वांत साधा संपूर्ण खेळ ३२ किलोबाइटमध्ये बसतो. आपण मोबाइलवर पाठवतो तो एक फोटोही याच्या कितीतरी पट मोठा असतो. इतक्या कमी जागेत काय कुठे ठेवले आहे हे एका वहीच्या पानावर लिहिता येते. मोबाइलवरच्या तयार साधनांनी खेळ लवकर होतो हे खरे, पण आत काय झाले हे मुलाला कळत नाही.

हा पडदा ठिपक्या-ठिपक्याने रंगवायचा नसतो. यंत्र ८ गुणिले ८ ठिपक्यांच्या लहान चौकोनांनी पडदा भरते. आपण त्यांना फरश्या म्हणू. आडव्या २० आणि उभ्या १८, म्हणजे ३६० फरश्यांत पडदा भरतो. एका फरशीला १६ बाइट लागतात. आता आकडे काढायचे. एका फरशीत मराठी ५ आणि ६ ओळखू येईनात, म्हणून प्रत्येक आकडा चार फरश्यांचा, १६ गुणिले १६ ठिपक्यांचा करायचे ठरले. हे काम संगणकावर झालेच नाही. चौकटीच्या गणिताच्या वहीत सोळा-सोळा घरे मोजून, पेन्सिलने घरे काळी करत आठ आकडे काढले गेले. सातवी-आठवीच्या मुलांनीच ते काढले आणि ५ ची शेपटी कुठे वळवायची यावर बराच वाद झाला. आठ आकडे, प्रत्येकी चार फरश्या, म्हणजे ३२ फरश्या आणि ५१२ बाइट. हा हिशेबही मुलांनीच केला.

प्रत्येक सोंगटी चार फरश्या रुंद आणि चार फरश्या उंच घेतली, की पट १२ गुणिले १२ फरश्यांचा होतो. डावी-उजवीकडे चार-चार आणि वर-खाली तीन-तीन फरश्या उरतात. वरच्या जागेत चालींची संख्या दाखवायची.

यंत्राच्या स्मृतीत मात्र पट वगैरे काही नसतो. तिथे असते ती नऊ आकड्यांची एक सरळ रांग, ० ते ८ क्रमांकाच्या घरांची. रिकाम्या घरासाठी शून्य लिहायचे. घराच्या क्रमांकाला ३ ने भागले की भागाकार ओळ सांगतो आणि बाकी रकाना. घर क्रमांक ५ घ्या: भागाकार १, बाकी २. मोजणी शून्यापासून असल्याने हे दुसऱ्या ओळीतले शेवटचे घर. चौथीतला भागाकार इथे कामाला येतो, आणि बाकी कशाला काढायची असते हा जुना प्रश्न सुटतो. नवशिका इथे हमखास एक चूक करतो. उजवीकडचे घर म्हणजे क्रमांकात एक मिळवायचा, असे तो लिहितो. घर २ ला ते लागू पडत नाही, कारण घर ३ रांगेत शेजारी असले तरी पटावर खालच्या ओळीत, थेट दुसऱ्या टोकाला आहे. सोंगटी पडद्यावरून उडी मारताना दिसली की मुले खो-खो हसतात आणि मग रकाना तपासण्याची अट लिहिली जाते.

बटणांचीही अशीच गंमत. यंत्र सेकंदाला सुमारे साठ वेळा विचारते, बटण दाबलेले आहे का? माणसाचे बोट मात्र एका दाबण्याला सेकंदाचा दहावा भाग तरी घेते. तेवढ्यात यंत्राने सहा वेळा 'हो' ऐकलेले असते आणि सोंगट्या पटाच्या कडेला जाऊन आदळतात. उपाय साधा: मागच्या वेळी बटण सुटलेले होते आणि आता दाबलेले आहे, तरच ती चाल धरायची.

आता या कामातली खरी अडचण. पट विस्कटायचा कसा? मुलाने सरळ मार्ग घेतला: आठ सोंगट्या आणि रिकामे घर चिठ्ठ्या टाकाव्यात तसे कसेही मांडले. खेळ सुरू झाला, सगळ्यांनी कौतुक केले. वसतिगृहातला पाचवीतला एक मुलगा मात्र दोन संध्याकाळी एकाच पटाला चिकटून बसला. शेवटी फक्त ८ आणि ७ उलटे राहायचे. तिसऱ्या दिवशी त्याने लॅपटॉप बाजूला सारला आणि म्हणाला, "दादा, मला नाही जमत हे. मी ढ आहे." तो अजिबात ढ नव्हता. त्याच्यासमोरचा पट जगात कुणालाच सुटला नसता.

का, ते पाहू. नऊ घरांत नऊ वस्तू (आठ सोंगट्या व एक रिकामे घर) मांडण्याचे प्रकार किती? पहिल्या घरासाठी नऊ पर्याय, दुसऱ्यासाठी आठ, असे गुणत गेलो की ३,६२,८८० होतात. ही रीत आपल्या अगदी जवळची आहे. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ. स. ११५०) शेवटी 'अंकपाश' नावाचे प्रकरण आहे. तिथे शंकराच्या दहा हातांत दहा वस्तू किती प्रकारे देता येतील असे विचारले आहे आणि उत्तर आहे ३६,२८,८००. विष्णूच्या चार हातांचे २४. कन्नडचा घाट उतरून चाळीसगावकडे गेले की पाटणादेवीचा परिसर लागतो. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याचा १२०७ चा शिलालेख तिथलाच. कन्नड-सोयगावकडची आपली मुले त्या घाटातून ये-जा करतात. त्यांना हे सांगितले की शंकराचे दहा हात लगेच लक्षात राहतात.

तर या ३,६२,८८० मांडण्यांपैकी बरोबर निम्म्या, म्हणजे १,८१,४४०, सुटतात. उरलेल्या निम्म्या कधीच सुटत नाहीत. आता कागद-पेन्सिल घ्या. पटावरचे आकडे ओळीने, रिकामे घर सोडून, वाचून काढा. जिथे मोठा आकडा लहान आकड्याच्या आधी येतो ती 'उलटी जोडी' समजा. सुटलेल्या पटात उलटी जोडी एकही नाही. आता सोंगटी आडवी सरकवली तर वाचण्याचा क्रम बदलतच नाही. उभी सरकवली तर ती सोंगटी वाचण्याच्या क्रमात नेमक्या दोन आकड्यांवरून उडी मारते. उदाहरणार्थ, पट असा असू द्या: १ २ ३, खाली ४ रिकामे ५, खाली ६ ७ ८. मधल्या रिकाम्या घरात खालचा ७ वर सरकवला, की क्रम होतो १ २ ३ ४ ७ ५ ६ ८. सात आकडा ५ आणि ६ च्या पुढे आला आणि दोन उलट्या जोड्या तयार झाल्या. उडी दोनच आकड्यांवरून असल्याने उलट्या जोड्या दोनने वाढतील, दोनने घटतील किंवा एक वाढून एक घटेल आणि संख्या तीच राहील. सम संख्या समच राहणार आणि विषम विषमच. पाचवीतल्या त्या मुलाच्या पटावर ८ आणि ७ एवढी एकच उलटी जोडी होती. एक ही विषम संख्या. शून्यापर्यंत ती कधीच पोहोचणार नव्हती, त्याने दोन संध्याकाळी घालवल्या काय नि दोन वर्षे घालवली काय.

या फसगतीला मोठा इतिहास आहे. १८८० च्या सुमारास अमेरिकेत पंधरा सोंगट्यांच्या अशाच कोड्याचे वेड पसरले होते. पुढे सॅम लॉइड या कोडेकाराने १४ आणि १५ यांची अदलाबदल करून दाखवणाऱ्याला १,००० डॉलरचे बक्षीस लावले. ते देण्याची वेळ येणार नाही हे गणितज्ञांनी १८७९ मध्येच सिद्ध केलेले होते. लॉइडच्या खेळात ती गंमत ठरली. आपल्या पाचवीतल्या मुलासमोर तशी गंमत ठेवता येत नाही, कारण पट खोटा असू शकतो असा संशय त्याला येत नाही. दोष आपलाच, असे तो धरून चालतो. आधीच शहरातल्या शाळेत बुजलेल्या मुलाला यंत्रानेही तेच सांगावे, हे मला फार गंभीर वाटते.

दुरुस्ती चार ओळींची निघाली. सुटलेला पट घ्यायचा आणि यंत्रानेच त्यावर नियमाप्रमाणे शंभर चाली वाटेल तशा खेळायच्या, फक्त आत्ताच केलेली चाल लगेच मागे घ्यायची नाही. ज्या वाटेने पट विस्कटला त्या वाटेने तो परत येऊ शकतोच. दुसराही मार्ग आहे: उलट्या जोड्या मोजायच्या आणि संख्या विषम आली तर शेजारच्या कोणत्याही दोन सोंगट्या अदलाबदल करून टाकायच्या. मुलाने पहिला मार्ग घेतला, कारण त्यात मोजणी चुकण्याची भीती नाही. दुरुस्त झालेला कोणताही पट, नेमकी वाट सापडली तर, जास्तीत जास्त ३१ चालींत सुटतो. हा आकडा भिंतीवर लिहून ठेवला आहे. पाचवीतल्या त्या मुलाला बोलावून जुना पट कागदावर मांडला आणि उलटी जोडी त्याच्याकडूनच मोजून घेतली. त्यानंतर त्याने मोठ्या मुलांचे सगळे जुने पट तपासायला घेतले आणि त्यातले कोणते खोटे होते याची यादी केली.

'वाटेल तशा' चाली हेही यंत्राला सहज जमत नाही. चालू केल्यावर ते दर वेळी अगदी तेच करते, त्यामुळे रोज तोच पट समोर येऊ लागला. गेम बॉयमध्ये सेकंदाला १६,३८४ वेळा पुढे सरकणारा एक मोजक आहे. खेळाडू सुरुवातीचे बटण ज्या क्षणी दाबतो त्या क्षणी तो मोजक वाचायचा आणि चालींची निवड तिथून सुरू करायची. माणसाचे बोट दोनदा अगदी त्याच क्षणी पडत नाही, एवढीच यातली युक्ती.

सध्या आकड्यांऐवजी चित्राचा पट करण्याचे काम चालू आहे. चित्र ९६ गुणिले ९६ ठिपक्यांचे. आठ सोंगट्यांना १२८ फरश्या लागतात, म्हणजे २ किलोबाइट. चित्रे मुलांचीच आहेत: मोहाचे झाड, बैलजोडी, कुडाचे घर. चार छटांत ती छान उतरतात. इथे उलट्या जोड्यांचा नियम एक वेगळेच वळण घेतो. चित्रात वरच्या दोन सोंगट्या नुसत्या कोऱ्या आकाशाच्या असतील तर त्यांची आपसात अदलाबदल कुणाच्या लक्षातच येत नाही, आणि न सुटणारा पटही सुटतो. पण मग कोणते आकाश कुठले हे खेळणाऱ्यालाही कळत नाही. सध्या एका कोपऱ्यात बगळा काढून पाहिला आहे. तो सोळा घरांच्या चौकटीत अजून बगळ्यासारखा दिसत नाही.