लोअर बर्थ तुमचा, मग शेजारच्याने बसायचं कुठे?

'रिझर्व्हेशन माझं आहे, मी झोपणार!' रेल्वेतला हा वाद नेहमीचाच. नियम काय सांगतो?

झोपेची वेळ : रात्री १० ते सकाळी ६. २०१७ पूर्वी ती रात्री ९ पासून होती. मिडल बर्थ याच वेळेत लावता येतो. इतर वेळी लोअर बर्थवर शेजारच्यांनाही बसू द्यावं लागतं.

अपवाद : आजारी, दिव्यांग आणि गर्भवती प्रवाशांना जास्त वेळ झोपू द्यावं, असं रेल्वेचं आवाहन आहे.

आरएसी : साइड लोअरची जागा दोघांत. भाडं मात्र दोघांनीही पूर्ण भरलेलं असतं. त्यामुळे पाय कोणी, कधी पसरायचे, हे आपसातच ठरवावं लागतं.

समजुतीने प्रश्न सुटला नाही, तर टीटीईला सांगा किंवा १३९ वर तक्रार करा.