गावातलं संमेलन पीएचडीला पुरतं का?

पेट झाली, आता सिनॉप्सिस लिहायचाय, अशा टप्प्यावरच्या मित्रमैत्रिणींकडून एक प्रश्न हमखास येतो. "आमच्या भागातली साहित्य संमेलनं, संगीत महोत्सव असं काही घेतलं तर चालेल का? की गाईड म्हणतील, यात संशोधन काय?"

चालेल की. सातारा-सांगलीकडच्या विद्यार्थ्यांना तर हा विषय अगदी दारात आहे. पण 'सातारा व सांगली जिल्ह्यांतील साहित्य-कला उपक्रम : एक अभ्यास' असं शीर्षक घेऊन गेलात, तर कागद परत येणार हे नक्की. कारण हा विषय झाला, प्रश्न नाही झाला. विषयातून प्रश्न कसा काढायचा, ते आज बघू.

यादीच्या पुढे काय?

पहिल्यांदा सगळे यादी करतात. साताऱ्यात अखिल भारतीय संमेलनाच्या परंपरेतली संमेलनं १९०५, १९६२, १९९३ आणि २०२६ साली झाली. सांगलीत १९४३ आणि २००८ साली झाली. अध्यक्षांची नावं शोधायला फार तर अर्धा तास लागेल. ही माहिती हवीच, पण ती आधीच छापलेली आहे. तिच्यात तुमची भर काय?

यादी काय सांगत नाही, ते एका नोंदीवरून कळतं : 'कराड, १९७५, दुर्गा भागवत'. जून १९७५ मध्ये आणीबाणी लागू झाली होती. तेव्हा केंद्रात मंत्री असलेले यशवंतराव चव्हाण संमेलनाला हजर होते. अशा व्यासपीठावरून दुर्गाबाईंनी जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायचं आवाहन केलं. यादीत ही एक ओळ आहे, पण साहित्यिक आणि सत्ता यांच्या नात्यावर त्या ओळीतून अख्खं प्रकरण निघू शकतं.

तारखेला प्रश्न विचारा

मोठी संमेलनं गाव बदलत फिरतात. जे कार्यक्रम एकाच जागी वर्षानुवर्षं होतात, त्यांच्याकडे संशोधकांचं लक्ष कमी जातं. तीन उदाहरणं घेऊ.

पलूस तालुक्यातलं औदुंबर हे कृष्णाकाठचं दत्तक्षेत्र. कवी सुधांशु आणि म. भा. भोसले यांच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या सदानंद साहित्य मंडळाचं संमेलन तिथे मकर संक्रांतीला भरतं. ही परंपरा स्वातंत्र्याच्याही आधीपासूनची.

खटाव तालुक्यातलं औंध त्या काळी पंतप्रतिनिधींचं संस्थान होतं. तिथे अंतुबुवा जोशी यांनी गुरू शिवानंद स्वामींच्या स्मरणार्थ १९४० मध्ये संगीत महोत्सव सुरू केला. पुढे त्यांचे चिरंजीव गजाननबुवांनी तो चालवला. तो अश्विन वद्य पंचमीला होतो.

सांगलीत १८४३ साली विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' सादर केलं. त्या स्मृतीशी जोडलेल्या ५ नोव्हेंबरच्या रंगभूमीदिनी सांगलीत भावे गौरवपदक दिलं जातं.

आता नीट बघा. एक कार्यक्रम सणाला, एक तिथीला, एक इंग्रजी तारखेला. दिवस कोणी ठरवला? कोणाच्या सोयीने? संक्रांतीला क्षेत्री आलेला माणूस संमेलनाच्या मांडवातही बसतो का, की हे दोन श्रोते वेगळेच आहेत? तिथीचा कार्यक्रम नोकरदार श्रोत्याच्या सुट्टीत बसत नाही, मग आयोजक काय करतात? आणि प्रत्यक्ष प्रयोगाची तारीख व स्मरणाची तारीख हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत, हेही लक्षात ठेवा. स्मरणाची परंपरा कधी आणि कोणी सुरू केली, हा स्वतःच एक शोध आहे.

या प्रश्नांची उत्तरं मी देत नाहीये. ती गृहीतकं म्हणून मांडायची आणि कागद व माणसं गाठून तपासायची.

कागद कुठले?

निमंत्रणपत्रिका सांगते, काय ठरलं होतं. स्थानिक पेपरातली बातमी सांगते, काय झालं (बातमीदाराला जेवढं दिसलं तेवढं). जमाखर्चाची वही आणि पावतीपुस्तकं सांगतात, पैसे कोणी दिले. स्मरणिकेतल्या जाहिराती तर सोनंच! साखर कारखाना, सहकारी बँक, कापड दुकान, डॉक्टर : कोणाच्या जाहिराती कधी आल्या आणि कधी थांबल्या, यावरून गावातला आश्रयदाता कसा बदलला ते दिसतं.

समजा पत्रिकेत दहा कवी आहेत आणि बातमीत सहाच. उरलेले चार आले नाहीत, की बातमीदार आधीच उठून गेला? कागद एकमेकांशी जुळले नाहीत की वैतागू नका. तुमचं खरं काम तिथूनच सुरू होतं.

घाई कशासाठी?

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या जिल्हा नगर वाचनालयात पाणी शिरलं आणि हजारो पुस्तकं भिजली. ग्रंथालयातल्या पुस्तकाची निदान नोंद असते, नशीब असेल तर दुसरी प्रत दुसरीकडे मिळते. कार्यकर्त्याच्या माळ्यावरच्या ट्रंकेतली पावतीपुस्तकं गेली, तर काय गेलं हेही कळत नाही. आणि त्या कागदांचा अर्थ सांगू शकणारी माणसं ऐंशीच्या घरात आहेत. म्हणून सिनॉप्सिस मंजूर होईपर्यंत थांबू नका. कागद बघायला मिळाले तर मालकाला विचारून मोबाईलवर फोटो काढा. फोटोच्या नावात वर्ष, कागदाचा प्रकार आणि तो कोणाकडे मिळाला ते लिहा. मूळ कागद घरी आणू नका. मुलाखत रेकॉर्ड करण्याआधी लेखी संमती घ्या. आणि फक्त अध्यक्ष-कार्यवाहांना भेटू नका. मांडववाला, ध्वनिक्षेपकवाला, स्वयंपाक करणाऱ्या बायका, पहिल्यांदा कविता वाचलेली कॉलेजची मुलगी, यांची नावं कुठल्याच यादीत नसतात.

मग सिनॉप्सिसमध्ये लिहायचं काय?

एक कार्यक्रम, एक कालखंड, एक बदलणारी गोष्ट, एवढं धरा. उदाहरणार्थ : 'औदुंबर येथील साहित्य संमेलनातील कविसंमेलनात सहभागी कवयित्रींचे प्रमाण व स्थान, १९६० ते २०००'. यात व्याप्ती ठरली, साधनं ठरली (पत्रिका, बातम्या, मुलाखती), मर्यादाही सांगता येते (सगळ्या वर्षांच्या पत्रिका मिळणार नाहीत). गाईडने "यात संशोधन काय?" विचारलं, तर उत्तर तयार आहे : गावात भरणाऱ्या संमेलनात माईक कोणाच्या हातात होता आणि तो कधी दुसऱ्याच्या हातात गेला, हे अजून कोणी मोजलेलं दिसत नाही, ते मी मोजणार आहे.

फक्त 'अजून कोणी मोजलेलं दिसत नाही' हे वाक्य लिहिण्याआधी शोधगंगेवर आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयात दोन दिवस घालवा. कोणी मोजलेलं सापडलं, तर त्यांच्या कामाच्या पुढून सुरुवात करा.