बुडालेल्या जहाजांमागून आलेले दिवे

ऑस्ट्रेलियातले पहिले दीपगृह एका कैद्याने आखले. फ्रान्सिस ग्रीनवे हा इंग्लंडमधला वास्तुकार. दस्तऐवजाच्या बनावटीबद्दल त्याला फाशीची शिक्षा झाली, ती पुढे १४ वर्षांच्या काळ्या पाण्यावर आली आणि १८१४ मध्ये तो सिडनीला उतरला. न्यू साउथ वेल्सचा गव्हर्नर लॅकलन मॅक्वारी याला वसाहतीत पक्क्या इमारती हव्या होत्या आणि त्या आखणारा दुसरा कोणी हाताशी नव्हता. बंदराच्या तोंडावरच्या साउथ हेडच्या कड्यावर तोवर लोखंडी टोपलीत लाकूड-कोळसा पेटवून जहाजांना खूण दिली जात असे. तिथे १८१६ मध्ये मनोऱ्याची पायाभरणी झाली आणि १८१८ च्या अखेरीस दिवा लागला. काम पुरे होत आलेले पाहून खूश झालेल्या गव्हर्नरने ग्रीनवेला सशर्त माफी दिली. रॉबर्ट वॉटसन हा वसाहत वसवणाऱ्या पहिल्या ताफ्याबरोबर आलेल्या ‘सिरियस’ जहाजावरचा माणूस या दिव्याचा पहिला रखवालदार झाला. शेजारच्या वॉटसन्स बेला त्याचेच नाव आहे.

दगड मात्र ठिसूळ निघाला. काही वर्षांतच चिरे झिजू लागले, मनोऱ्याला लोखंडी पट्टे आवळावे लागले. अखेर वसाहतीचा सरकारी वास्तुकार जेम्स बार्नेट याने जुन्या मनोऱ्यापासून अवघ्या चार मीटरवर जवळपास तसाच दुसरा बांधला आणि १८८३ मध्ये तो सुरू झाल्यावर जुना पाडला. नव्या मनोऱ्यात विजेचा दिवा होता. त्या काळी ही चैनच होती आणि ती परवडली नाही. पुढे तो रॉकेलवर गेला आणि १९३३ मध्ये पुन्हा विजेवर आला. ग्रीनवेचे नशीब त्याच्या दगडापेक्षा टिकाऊ ठरले. १९६६ मध्ये दशमान चलन आले, तेव्हा दहा डॉलरच्या पहिल्या नोटेवर बनावटगिरीच्या या गुन्हेगाराचेच चित्र छापले गेले.

मॅक्वारी दिवा बंदराच्या तोंडापासून थोडा दक्षिणेला, बाहेरच्या कड्यावर होता. त्यावरून कडा कुठे आहे ते कळे, आत शिरायची वाट कुठे आहे ते कळत नसे. या उणिवेची किंमत २० ऑगस्ट १८५७ च्या रात्री मोजावी लागली. इंग्लंडहून आलेले ‘डनबार’ हे जहाज वादळात बंदराजवळ पोचले, वाट चुकले आणि कड्यावर आदळले. जहाजावरची १२१ माणसे बुडाली. जेम्स जॉन्सन हा एकच खलाशी वाचला, तो कड्याच्या कपारीत दीड दिवस अडकून होता. प्रेतयात्रेला सिडनी शहर लोटले, आणि पुढच्याच वर्षी बंदराच्या तोंडाशी तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांचा छोटा हॉर्नबी दिवा उभा राहिला.

जॉन्सनची हकीकत इथे संपत नाही. तो पुढे न्यूकॅसल बंदराच्या दिव्यावर नोकरीला लागला. जुलै १८६६ मध्ये त्याच बंदराच्या तोंडाशी ‘कवारा’ ही आगबोट बुडाली. ६० माणसे गेली आणि एकटाच जण वाचला. त्या एकट्याला पाण्यातून ओढून काढणाऱ्यांत जॉन्सन होता. कादंबरीत असा योग घातला असता, तर वाचकाने लेखकाला हसून सोडून दिले असते.

आधी जहाज फुटायचे, मग चौकशी व्हायची आणि मग दिवा यायचा, हा क्रम सिडनीपुरता नव्हता. तो सर्वांत ठळक दिसतो मुख्य भूमी आणि टास्मानिया यांच्यामधल्या बास सामुद्रधुनीत. ही सामुद्रधुनी उमगली तीही एका अपघातानंतर आणि त्या अपघाताचा धागा थेट हिंदुस्थानात जातो. कलकत्त्याहून दारूचे पिंप आणि इतर माल घेऊन निघालेले ‘सिडनी कोव्ह’ हे जहाज १७९७ च्या फेब्रुवारीत टास्मानियाच्या ईशान्येला फर्नो बेटांजवळ रुतले. त्यावरचे बहुतेक खलाशी बंगाली होते. मदत आणण्यासाठी १७ जण होडीने निघाले. ती होडीही मुख्य भूमीच्या किनाऱ्यावर फुटली, तेव्हा त्यांनी सिडनीकडे पायी वाट धरली. शेकडो किलोमीटर चालून मे महिन्यात तिघेच पोचले: मालाचा प्रतिनिधी विल्यम क्लार्क, एक गोरा खलाशी आणि एक हिंदी खलाशी. या भागातल्या प्रवाहांची आणि लाटांची जी माहिती यानिमित्ताने सिडनीत पोचली, तिने टास्मानिया हे बेट असावे ही शंका बळावली. १७९८-९९ मध्ये जॉर्ज बास आणि मॅथ्यू फ्लिंडर्स यांनी त्या बेटाला वळसा घालून ती खरी ठरवली.

नव्या वाटेने युरोपातून येणाऱ्या जहाजांचे कित्येक दिवस वाचू लागले, पण तिचे पश्चिमेचे तोंड फसवे होते. उत्तरेला ओटवे भूशिर, दक्षिणेला किंग बेट, मधे सुमारे ९० किलोमीटरचे अंतर. नकाशावर ते ऐसपैस वाटते. पण कित्येक आठवडे जमीन न पाहता आलेल्या, ढगांमुळे सूर्याचा वेध न मिळालेल्या कप्तानाला आपण नेमके कुठे आहोत हेच ठाऊक नसे. या जागेतून जहाज नेणे म्हणजे सुईच्या नेढ्यातून दोरा ओवणे, असे खलाशी म्हणत. ४ ऑगस्ट १८४५ च्या पहाटे ‘कॅटरॅक्वी’ हे लिव्हरपूलहून मेलबर्नला निघालेले स्थलांतरितांचे जहाज किंग बेटाच्या खडकांवर चढले. सुमारे ४०० माणसे बुडाली, त्यांत बहुतेक गरीब इंग्लिश कुटुंबे होती. वाचले ते नऊ: आठ जहाजावरचे नोकर आणि एकच प्रवासी. बेटावर सील मारून पोट भरणाऱ्या माणसांनी त्यांना आसरा दिला, सुटकेला पाच आठवडे लागले. शांततेच्या काळातली ही ऑस्ट्रेलियाची सर्वांत मोठी सागरी आपत्ती आहे.

ओटवेवर दिवा हवा अशी मागणी आधीपासून होती. आता ती टाळता येईना. मेलबर्नच्या बाजूचा प्रमुख अधिकारी चार्ल्स ला ट्रोब स्वतः जंगल तुडवत भूशिराकडे जाणारी वाट शोधत होता. दोनदा त्याला परतावे लागले आणि १८४६ मध्ये तिसऱ्या खेपेस तो पोचला. १८४८ च्या ऑगस्टमध्ये ओटवेचा दिवा लागला. हेन्री बेल्स फोर्ड याने तिथे सुमारे ३० वर्षे रखवाली केली.

त्याच वर्षी सामुद्रधुनीच्या पूर्वेकडे डील बेटावरही दिवा लागला. तो आखणाऱ्यांनी साधा हिशेब केला: दिवा जितका उंच, तितका लांबून दिसणार. म्हणून मनोरा बेटाच्या माथ्यावर चढवला, दिवा समुद्रापासून ३०५ मीटरवर गेला. पण इतक्या उंचीवर ढग उतरतात. खाली समुद्र स्वच्छ असावा आणि वर दिवा ढगात गुरफटलेला, असे वारंवार होई. तरी तो १९९२ पर्यंत चालवला गेला.

किंग बेटाला मात्र दिवा मिळायला १८६१ साल उजाडले. बेट टास्मानियाचे, धोका मुख्यतः मेलबर्नला जाणाऱ्या जहाजांना, मग खर्च कोणी करायचा, हा वसाहतींमधला तंटा. मधल्या काळात सोन्याच्या शोधात येणाऱ्यांची रीघ लागली होती. अखेर विकहॅम भूशिरावर ४८ मीटरचा मनोरा चढला, तो आजही देशातला सर्वांत उंच आहे. पण आता नवाच घोटाळा झाला. ओटवेच्या दिव्याची वाट पाहणारे काही कप्तान विकहॅमचा दिवा दिसताच तोच ओटवे समजले आणि जहाज दक्षिणेला, थेट खडकांवर घालू लागले. १८७४ मध्ये ‘ब्रिटिश ॲडमिरल’ बुडाले, ७९ माणसे गेली. मग १८८० मध्ये बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर करी येथे आणखी एक दिवा बसवला, तो इंग्लंडहून सुट्या लोखंडी भागांत आणला होता. ओटवेच्या दिव्याचाही उपयोग दिसला तरच. १ जून १८७८ च्या पहाटे ‘लॉक आर्ड’ या जहाजावरचे लोक धुक्यात तोच दिवा शोधत होते. धुके विरले तेव्हा कडे समोर आले होते. ५४ जणांपैकी टॉम पिअर्स हा तरुण उमेदवार खलाशी आणि इव्हा कारमायकल ही तरुणी, एवढेच वाचले.

दिवा चुकीच्या जागी असेल तर काय होते, हे जर्व्हिस बेजवळच्या केप सेंट जॉर्जने दाखवून दिले. १८६० मधला हा मनोरा बांधताना जवळच्या दगडखाणीची सोय पाहिली गेली आणि नकाशे एकमेकांशी जुळत नव्हते तरी काम रेटले गेले. उत्तरेकडून येणाऱ्या जहाजांना दिवा हवा तिथून दिसेना. पुढच्या तीन-चार दशकांत आसपास दोन डझनाच्या घरात जहाजे फुटली. रखवालदारांच्या वस्तीवरही संकटे आली. १८८७ मध्ये दोन मैत्रिणी खेळत असताना भरलेली बंदूक उडाली आणि एकीचा जीव गेला. १८९९ मध्ये खाडीच्या उत्तर अंगाला पॉइंट पर्पेंडिक्युलरचा दिवा सुरू झाला. पण विझलेला जुना मनोराही फिकट दगडामुळे चांदण्यात चमके आणि खलाशांना फसवी. शेवटी नौदलाने तोफांच्या सरावासाठी त्याचा वापर करून तो पाडला. सरकारी चूक इतक्या उघडपणे निस्तरल्याची उदाहरणे थोडी.

न्यू साउथ वेल्सच्या सागरी मंडळाचा अध्यक्ष फ्रान्सिस हिक्सन याला मात्र सगळा किनारा शहरातल्या रस्त्यासारखा दिव्यांनी उजळायचा होता. बार्नेटच्या हातून त्या काळात एकामागून एक मनोरे उभे राहिले. दक्षिणेकडच्या ग्रीन केपचा मनोरा १८८३ मधला, काँक्रीटचा. तीन वर्षांनी, ३० मे १८८६ च्या रात्री, ‘लाय-ई-मून’ ही आगबोट दिवा लागलेला असताना त्याच्याच पायथ्याच्या खडकांवर आदळली. रखवालदारांनी दोर टाकून १५ जणांना वर काढले. उरलेले ७१ त्यांच्या डोळ्यांदेखत गेले. त्यांत फ्लोरा मॅककिलॉप होत्या. त्यांची मुलगी मेरी २०१० मध्ये ऑस्ट्रेलियाची पहिली कॅथलिक संत घोषित झाली. स्वच्छ दिसणाऱ्या दिव्याखाली जहाज का आले, याचा समाधानकारक उलगडा चौकशीत झाला नाही.

दिवा चालवणे हे कष्टाचे आणि रटाळ काम होते. रात्र पहाऱ्यांत वाटलेली असे. सुरुवातीला व्हेलचे तेल, मग वनस्पती तेल, मग रॉकेल. वात कापायची, काजळी पुसायची. फ्रेंच शास्त्रज्ञ फ्रेनेलने १८२० च्या दशकात शोधलेली, लोलकांच्या वर्तुळांची भिंगे इंग्लंड-फ्रान्सहून येत. ती फिरवणारे यंत्र घड्याळासारखे, मनोऱ्याच्या पोकळीतून खाली उतरणाऱ्या वजनावर चाले आणि ते वजन पहारेकऱ्याने रात्रभर पुनःपुन्हा हाताने वर ओढायचे. झोप लागली तर दिवा फिरायचा थांबे आणि झपकाऱ्यांच्या ठरलेल्या लयीवरून दिवा ओळखणारा कप्तान फसे. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या केप ल्यूविनचे असे यंत्र १९८२ पर्यंत चालू होते. मोठी भिंगे सहज फिरावीत म्हणून ती पाऱ्याच्या कुंडात तरंगवत. त्या पाऱ्याची वाफ वर्षानुवर्षे श्वासात गेल्याने काय होते, याची फिकीर बऱ्याच उशिरा सुरू झाली. दिवसाही काम सुटत नसे. भिंगाभोवती पडदे ओढावे लागत, नाहीतर सूर्याचे किरण त्यातून एकवटून आग लागायची.

बेटांवरच्या कुटुंबांचे जिणे आणखी खडतर. टास्मान बेटाला धक्काच नाही, सगळीकडून सरळ कडे. १९०६ पासून तिथे माणसे आणि सामान समुद्रावर ताणलेल्या दोराला लटकवलेल्या टोपलीतून उतरवत आणि पुढे उभ्या चढावरून रुळांवर ओढून नेत. गरोदर बाई, तान्ही मुले, गायी, पियानो, सगळ्यांना एकच वाट. टास्मानियाच्या दक्षिणेच्या मात्सायकर बेटावर १८९१ मध्ये दिवा लागला. बिनतारी यंत्रणा येण्यापूर्वी तिथला निरोप होबार्टला कबुतरांकरवी जाई. दुधासाठी शेळ्या, पोरांना पत्राने शाळा, रसद बोटीची वाट पाहत महिनोन्‌महिने. रखवालदाराची बायको पहाऱ्याला, हवामानाच्या नोंदींना हातभार लावी, पगारपत्रकात तिचे नाव सहसा नसे. दीपगृहांजवळच्या छोट्या दफनभूमींत लहान मुलांची थडगी बरीच आढळतात, कारण डॉक्टर समुद्रापलीकडे असे.

१९०१ मध्ये वसाहतींचे संघराज्य झाले, पण दिवे लगेच एका हाताखाली आले नाहीत. १९११ चा कायदा, कमांडर ब्रूइस यांनी किनाराभर फिरून केलेली पाहणी आणि मग १ जुलै १९१५ रोजी किनाऱ्यावरचे दिवे केंद्राकडे गेले. बंदरांतले राज्यांकडे राहिले. नव्या खात्याने पहिल्यापासून माणसे कमी करण्यावर भर दिला. स्वीडनच्या गुस्टाफ डालेन याने ॲसिटिलीन वायूच्या दिव्यासाठी अशी झडप शोधली होती की ऊन पडले की ज्योत मंदावे आणि अंधार पडला की पेटे. त्याला १९१२ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. या दिव्याला रोजचा पहारा लागत नसल्याने निर्जन खडकांवरच्या वस्त्या एकेक करून उठल्या. रॉकेलचा शेवटचा दिवा क्वीन्सलंडच्या पाइन आयलेटवर १९८५ पर्यंत जळला. सौर पट्ट्या आल्यावर उरलेल्या नोकऱ्याही गेल्या आणि १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियातले शेवटचे रखवालदार दिवा सोडून गेले. ओटवेचा जुना दिवा १९९४ मध्ये बंद झाला. त्याची जागा समोरच्या एका छोट्या सौर दिव्याने घेतली.

आज चालू दिवे ऑस्ट्रेलियन मेरिटाइम सेफ्टी ॲथॉरिटी सांभाळते. बऱ्याच ठिकाणी भोवतालची जमीन आणि घरे राष्ट्रीय उद्यानांकडे आहेत आणि रखवालदारांच्या खोल्या पर्यटकांना भाड्याने मिळतात. मात्सायकरवर मात्र पर्यटक सहसा पोचत नाहीत. तिथे निवडलेले स्वयंसेवक सहा-सहा महिने राहायला जातात, पायवाटा आणि घरे दुरुस्त ठेवतात आणि हवामान खात्याला नोंदी पाठवतात.